तासिका, पीएचडी की परदेशातली टीएशिप? मानसशास्त्राचं संशोधनलेखन शिकवू पाहणाऱ्यांसाठी

एम.ए. मानसशास्त्र झालंय, घर रत्नागिरी, चिपळूण, कणकवली किंवा सावंतवाडीच्या आसपास आहे आणि मुलांना संशोधन करायला, ते नीट लिहायला शिकवण्याची मनापासून आवड आहे, अशांपुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली, जवळच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर शिकवणं. दुसरी, देशातच पीएचडीला लागून विद्यापीठात अध्यापन साहाय्यकाचं काम करणं. तिसरी, परदेशी विद्यापीठात पीएचडीला प्रवेश घेऊन टीचिंग असिस्टंट, म्हणजे टीए होणं. तिसऱ्या वाटेसाठी इथे अमेरिकेचंच उदाहरण घेतलं आहे, कारण तिथे ही पद्धत सर्वांत रुळलेली आहे.

निवड करताना बहुतेक जण पगार आणि पदनाम बघतात. आमच्या मते आधी दोन गोष्टी विचाराव्यात. एका विद्यार्थ्याच्या लेखनाचे किती मसुदे तुमच्या हातून जाणार? आणि तुम्ही दिलेले गुण, लिहिलेले शेरे कुणी अनुभवी माणूस तपासणार आहे का? संशोधनलेखन शिकवण्याचं कसब मसुदे वाचूनच येतं आणि ते बरोबर येतंय की नाही हे दुसऱ्या नजरेशिवाय कळत नाही.

कामाचा आठवडा कसा जातो

अमेरिकी विद्यापीठात संशोधनपद्धतीच्या कोर्सला प्राध्यापक मोठ्या वर्गाला व्याख्यान देतात आणि टीए लहान गट, म्हणजे सेक्शन, सांभाळतो. एका सेक्शनमध्ये साधारण २० ते २५ विद्यार्थी. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारातलं काम आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येतं, आणि पूर्ण टीएशिप बहुधा याच २० तासांची धरलेली असते. दोन सेक्शन असतील तर हिशेब असा होतो: व्याख्यानाला बसणं ३ तास, स्वतःचे वर्ग ४, विद्यार्थ्यांना भेटण्याची ठरलेली वेळ २, तयारी आणि ईमेल ३, प्राध्यापकांबरोबरची बैठक १. झाले १३. उरले ७. आता ४४ विद्यार्थ्यांचे अहवाल, प्रत्येकी २० मिनिटं धरली तरी १४ तास ४० मिनिटं लागतात. म्हणजे एक गठ्ठा परत करायला दोन आठवड्यांहून थोडं जास्तच हवं. नवा टीए इथेच फसतो. पहिल्या दहा अहवालांना पाऊण-पाऊण तास देतो, शेवटच्या दहांना पाच मिनिटं, आणि मग गुणांवरून तक्रारी येतात.

यावर चांगल्या विभागांत एक रीत असते. तपासणीआधी सगळे टीए तेच तीन-चार अहवाल स्वतंत्रपणे तपासतात, मग गुण शेजारी-शेजारी ठेवून फरक का पडला यावर बोलतात. एकाने १०० पैकी ७२ दिले आणि दुसऱ्याने ८५, तर कुठल्या निकषावर वाट फुटली ते शोधलं जातं. पुनर्तपासणीचाही ठरलेला मार्ग असतो: विद्यार्थ्याने लेखी कारण द्यायचं, आधी टीएने बघायचं, मग गरज पडली तर प्राध्यापकांनी. नवख्याला या रचनेचा फार आधार मिळतो.

तासिका तत्त्वावर चित्र उलटं. वर्ग तुमचा, प्रात्यक्षिकं तुमची, प्रकल्पाचं मार्गदर्शनही बहुतेक तुमच्याच गळ्यात. मुक्तता भरपूर. पण मानधन घेतलेल्या तासाचं मिळतं, मसुदा वाचण्याचा तास कुठल्याच हजेरीपटावर नसतो. ४० विद्यार्थ्यांचा एक मसुदा, प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे १३ तासांहून जास्त वेळ पदरचा. साहजिकच बऱ्याच ठिकाणी मसुदा एकदाच वाचला जातो, तोही बाइंडिंगला जायच्या आदल्या आठवड्यात. तोवर प्रश्नावल्या भरून झालेल्या असतात. नमुना चुकला, चल (व्हेरिएबल) नीट मोजलेच नाहीत, हे दिसूनही दुरुस्त करता येत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो सीएचबीवाल्याने स्वतःच्या अधिकारात करता येण्यासारखा आहे. पूर्ण मसुदा मागूच नका, तुकड्यांत मागा. तिसऱ्या आठवड्यात एक पान: संशोधनप्रश्न, चल, गृहीतक. सहाव्या आठवड्यात दोन पानं: सहभागी कोण, साधनं कुठली, कार्यपद्धती काय. हे मंजूर झाल्याशिवाय एकही प्रश्नावली वाटायची नाही. दहाव्या आठवड्यात फक्त निष्कर्षांचा तक्ता आणि त्याखालचा एक परिच्छेद. एका तुकड्याला पाच-सात मिनिटं पुरतात, एकूण वेळ फारसा वाढत नाही, आणि चूक अजून दुरुस्त होण्यासारखी असताना सापडते.

देशातल्या पीएचडीतलं साहाय्यकाचं काम या दोहोंच्या मधलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या पीएचडी नियमांनुसार संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला ४ ते ६ तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनाचं साहाय्यकाचं काम देता येतं. तास कमी, त्यामुळे स्वतःच्या प्रबंधाला वेळ मिळतो. पण हे काम किती गांभीर्याने दिलं जाईल हे पूर्णपणे विभागावर आणि मार्गदर्शकावर अवलंबून. कुठे खरोखर एम.ए.च्या मुलांचे संशोधन-प्रस्ताव तपासायला मिळतात, कुठे फक्त परीक्षेचं पर्यवेक्षण वाट्याला येतं. प्रवेश घेण्याआधी त्याच विभागातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून हे विचारावं.

एक परिच्छेद तपासायला घेतला तर

तिन्ही वाटांवर जे काम समान आहे ते एकदा जवळून बघू. विद्यार्थ्याने ६४ जणांच्या अभ्यासावर लिहिलंय: ‘ताणामुळे विद्यार्थ्यांचे गुण कमी होतात हे सिद्ध झाले, आर = -०.३८, पी = .०००.’

यात आर म्हणजे सहसंबंधाचा गुणांक, आणि पी म्हणजे खरा संबंध नसतानाही एवढा किंवा याहून मोठा गुणांक योगायोगाने येण्याची शक्यता. या एका ओळीत निदान चार चुका आहेत. अभ्यास सहसंबंधाचा आहे, त्यातून ‘मुळे’ म्हणता येत नाही; कमी गुणांमुळे ताण आला असेल, किंवा घरच्या अडचणीमुळे दोन्ही झालं असेल. ‘सिद्ध झाले’ हा शब्द एका अभ्यासाला पेलत नाही. पी कधीच शून्य नसतो. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या फार लहान संख्या .००० अशी छापतात आणि मुलं ती जशीच्या तशी उतरवतात, तिथे ‘पी < .००१’ हवं. आणि ६४ जणांच्या नमुन्यात आर एवढा असेल तर पी साधारण .००२ येतो, म्हणजे ही संख्या दुसऱ्याच तक्त्यातून उचलली गेली असण्याची शक्यता आहे. तक्ता मागवून बघायला हवा. एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनशैलीत, जी संख्या एकापेक्षा मोठी होऊच शकत नाही तिच्या दशांशचिन्हाआधी शून्य लिहीत नाहीत, ही पाचवी, किरकोळ गोष्ट.

दुरुस्त ओळ अशी: ‘ताण आणि गुण यांच्यात मध्यम नकारात्मक सहसंबंध आढळला, आर(६२) = -.३८, पी = .००२.’ कंसातला आकडा सहभागींपेक्षा दोनने कमी.

नवा साहाय्यक ही ओळ स्वतःच लिहून देतो. तसं करू नये. समासात ‘हा अभ्यास कार्यकारण दाखवू शकतो का?’ आणि ‘हा पी कुठल्या तक्त्यातला?’ एवढे दोन प्रश्न लिहावेत, विद्यार्थ्याने ओळ पुन्हा लिहावी. पूर्ण अहवालावर तीनपेक्षा जास्त मोठे शेरे नकोत. वीस शेरे पाहिले की विद्यार्थी सोपे स्वल्पविराम दुरुस्त करतो आणि अवघड प्रश्न तसाच ठेवतो.

एपीएची सध्याची आवृत्ती सातवी, २०१९च्या अखेरीस आलेली. तपासताना वारंवार लागणाऱ्या गोष्टी थोड्याच: सारांश साधारण २५० शब्दांच्या आत, तीन किंवा अधिक लेखक असतील तर पहिल्याच उल्लेखापासून पहिलं नाव ‘आणि इतर’, विद्यार्थ्यांच्या अहवालाला पानाच्या माथ्यावर लघुशीर्षक लागत नाही, तक्त्यात उभ्या रेघा नाहीत. बाकीचं कोष्टक शेजारी ठेवून बघितलं तरी चालतं. संदर्भयादीतला प्रत्येक डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, मात्र उघडून बघावा. चॅटबॉटने तयार केलेले संदर्भ दिसायला अगदी खरे असतात. दुवा उघडला की तो लेखच नसतो किंवा भलताच निघतो.

नक्कल तपासण्याचं सॉफ्टवेअर इंग्रजी मजकुरात बरंच पकडतं. मराठीत त्याच्या टक्केवारीवर विसंबू नये. आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य क्षम्य, १० ते ४०, ४० ते ६० आणि ६०च्या पुढे अशा चढत्या पायऱ्या आहेत, पण टक्केवारी कमी आहे म्हणून लेखन स्वतःचं असतंच असं नाही. जुन्या प्रबंधातली ओळखीची वाक्यं शोधगंगा या देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर टाकून बघण्याची सवय ठेवावी.

किनाऱ्यावर संशोधन शिकवायचं तर

अमेरिकेत मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सहभागी मिळवायला फार धावपळ करावी लागत नाही. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी कोर्सच्या श्रेयांकांसाठी अभ्यासांत भाग घेतात, नैतिक मान्यतेसाठी समिती आणि ठरलेले अर्ज असतात. टीएने फक्त तारखा सांभाळायच्या. सोयीचं आहे, पण नमुना मिळवण्याची खरी मेहनत तिथे शिकायला मिळत नाही.

कोकणात हीच गोष्ट शिक्षकाला सत्राच्या सुरुवातीलाच मांडून द्यावी लागते. मच्छीमार कुटुंबांचा अभ्यास करायचा तर कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा मिरकरवाडा, हर्णै, मालवणला माणसं घरी भेटतात. पण महाविद्यालयाचं सत्रही तेव्हाच सुरू होतं, विद्यार्थ्यांकडे तेव्हा प्रस्तावही तयार नसतो. बंदी उठली की पहाटेच्या लिलावाआधी आणि नंतर कुणाला वेळ नाही. आंबा बागायतदार मोहोर धरल्यापासून फवारणीत आणि मार्च ते मे काढणीत. गणपतीत आणि शिमग्यात वर्गच रिकामे. मग जानेवारीत घाईघाईने जो नमुना मिळतो तो शेजारच्या वर्गातल्या मुलांचा, आणि दरवर्षी ‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील ताण’ हाच प्रकल्प होतो. मच्छीमारांवर काम करायचं असेल तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रश्न ठरवून, साधन हातात घेऊनच मुलांना जूनमध्ये बोलवायला हवं.

नमुन्याच्या आकाराबाबत तीस-तीसची सवय फार पक्की आहे. दोन गटांत मध्यम फरक, म्हणजे डी (सरासरींतला फरक प्रमाण विचलनाच्या पटीत) ०.५ एवढा, ८० टक्के शक्यतेने पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात, जीपॉवर हे मोफत सॉफ्टवेअर हा हिशेब एका मिनिटात देतं. प्रत्येकी ३० घेतले तर फरक खरोखर असूनही तो हाती लागण्याची शक्यता निम्म्याहून थोडी कमीच. विद्यार्थी मग ‘फरक आढळला नाही’ असं लिहितो आणि दोन गट सारखेच आहेत असा अर्थ काढतो. एवढे लोक मिळणारच नसतील तर दोन गटांच्या तुलनेऐवजी त्याच माणसांचं दोनदा मापन करता येईल असा प्रश्न निवडावा.

मराठी माध्यमात शिकवताना आणखी एक काम वाढतं, ते साधनांचं. इंग्रजी चाचणी स्वतःच भाषांतरित करून वाटणं चालत नाही. मूळ लेखकाची किंवा प्रकाशकाची परवानगी, भाषांतर, दुसऱ्या व्यक्तीकडून परत इंग्रजीत उलटं भाषांतर, वीसेक जणांवर चाचणी, मग अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात याचं माप. अल्फा .७०च्या खाली आला तर पहिला संशय उलट गुणदानाच्या विधानांवर घ्यावा. ‘मला क्वचितच अस्वस्थ वाटत नाही’ असं विधान वाचून माणूस अडखळतो आणि काहीही खूण करतो. वयस्कर सहभागींना विधानं मोठ्याने वाचून दाखवताना विद्यार्थी नकळत मालवणीत समजावून सांगतात. प्रत्येकाने वेगळं समजावलं की प्रत्येकाचं साधनच वेगळं झालं. समजावण्याचे शब्द आधी लिहून, सगळ्यांनी तेच वापरायचे. अठरा वर्षांखालची मुलं घ्यायची तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही. मुख्याध्यापकांची परवानगी ही पालकांच्या संमतीची जागा घेत नाही. ही चूक शाळांत केलेल्या प्रकल्पांत फार दिसते.

हे सगळं शिकवू शकणारा माणूस परदेशातल्या टीएपेक्षा संशोधनपद्धतीत कमी तयार होत नाही. उलट काही बाबतींत जास्तच तयार होतो. फक्त त्याला कुणी तपासत नाही.

पैसा

परदेशी टीएशिपमध्ये शिकवणी शुल्क माफ आणि वर स्टायपेंड, बहुधा नऊ महिन्यांचा. उन्हाळ्याचे तीन महिने स्वतंत्रपणे सोडवावे लागतात, आरोग्यविमा कुठे मिळतो कुठे नाही. मास्टर्सला ही सोय क्वचितच मिळते, पीएचडीला मिळते, हे नीट लक्षात घ्यावं. मास्टर्ससाठी कर्ज काढून गेल्यावर टीएशिपवर भागवू असा हिशेब धोक्याचा. देशात जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर १ जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्तीला, ४२,०००, शिवाय नियमांनुसार घरभाडं. जेआरएफविना पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा तासिकांवरच भागवणं. सीएचबीला तासांवर मर्यादा आहे, सुट्टीत मानधन नाही, नियुक्ती सत्रापुरती, आणि मानधन महिनोन्‌महिने रखडतं ही सार्वत्रिक तक्रार आहे. घरी राहून खर्च कमी असतो हे खरं, पण केवळ सीएचबीवर घर चालतं असं समजून लग्न-कर्जाचे निर्णय घेऊ नयेत.

पुढच्या नोकरीत कशाची मोजणी होते

या मुद्द्यावर सर्वांत जास्त गैरसमज आहेत. साहाय्यक प्राध्यापकपदासाठी एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्य पात्रता परीक्षा) लागते. राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं, ती देशभर नव्हे तर राज्यापुरती पात्रता देते. जून २०२४पासून नेटचे तीन स्तर झाले आहेत: जेआरएफसह साहाय्यक प्राध्यापक, साहाय्यक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, फक्त पीएचडी प्रवेश. यातल्या शेवटच्या दोन स्तरांत पीएचडी प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार, आणि ते गुण एक वर्षच चालतात. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते, म्हणून मराठी माध्यमातल्यांनी पारिभाषिक शब्द इंग्रजीतून घोटून घ्यावेत.

आयोगाच्या २०१८च्या शिक्षक-नियुक्तीच्या नियमांनुसार पीएचडी मिळवण्यात गेलेला काळ अध्यापनाचा अनुभव धरला जात नाही. अपवाद फक्त नोकरीत राहून, रजा न घेता पीएचडी करणाऱ्यांचा. म्हणजे परदेशात पाच वर्षं टीएशिप केली तरी इथल्या अर्जात ‘अनुभव’ या रकान्यात ती धरून चालू नये. सीएचबीची वर्षं निवडीच्या प्राथमिक गुणांकनात उपयोगी पडू शकतात, पण पुढे पदोन्नतीसाठी आधीची सेवा मोजताना रीतसर निवड समिती आणि नियमित वेतनाइतकं वेतन या अटी आहेत, तिथे तासिका सहसा बसत नाही. याउलट क्यूएस, टाइम्स हायर एज्युकेशन किंवा शांघाय क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी असेल तर नेटमधून सूट आहे. विद्यापीठ निवडताना हे पाहून ठेवावं. नियम बदलत असतात, अर्जाच्या वर्षीची जाहिरात शब्दन्‌शब्द वाचावी.

कुणाला काय जमेल

घरची जबाबदारी आहे, कोकण सोडायचं नाही आणि शिकवण्याचीच ओढ आहे, त्यांनी सीएचबी जरूर घ्यावी, पण नेट-सेटची तारीख कॅलेंडरवर ठेवूनच. दोन वर्षांत ती निघाली नाही तर तासिकांचं चक्र सुटत नाही. एकटेपणा टाळायला शेजारच्या महाविद्यालयातल्या एखाद्या सहकाऱ्याशी पाच-पाच अहवालांची अदलाबदल करून गुण ताडून बघावेत. खर्च शून्य आणि फायदा टीएंच्या गुण ताडण्याच्या बैठकीइतकाच.

जेआरएफ हातात आहे आणि विषय मराठी समाजातला आहे, त्यांना देशातली पीएचडी उत्तम. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कलिन्यात आहे. कोकण रेल्वेने शनिवार-रविवारी घरी येता येतं आणि नमुनाही इथूनच घेता येतो.

इंग्रजीत लेख प्रसिद्ध करायचे आहेत, संख्याशास्त्राची भीती नाही, आणि पाच-सहा वर्षं दूर राहता येईल, त्यांनी परदेशाचा विचार करावा. मानसशास्त्राच्या पीएचडीचे बहुतेक अर्ज डिसेंबरमध्ये बंद होतात, निर्णय कळवायची मुदत बहुधा १५ एप्रिल. बऱ्याच विद्यापीठांत टीए होण्यासाठी प्रवेशाच्या इंग्रजी परीक्षेव्यतिरिक्त बोलण्याची वेगळी चाचणी असते. ती उत्तीर्ण न झाल्यास पहिलं सत्र सेक्शन न देता फक्त तपासणीचं काम देतात. तयारी म्हणून एखादा अहवाल घेऊन दहा मिनिटं मोठ्याने इंग्रजीत समजावण्याचा रियाज करावा, त्यात व्याकरणापेक्षा वेग आणि स्पष्टता बघतात.

होकार देण्याआधी तिन्ही ठिकाणी हेच विचारा: माझ्याकडे किती विद्यार्थी असतील, एका सत्रात प्रत्येकाचं लेखन किती वेळा वाचायचं आहे, वाचायला किती तास धरले आहेत, गुणदानाचे निकष लेखी आहेत का, वाद झाला तर अंतिम शब्द कुणाचा? आणि मागच्या वर्षीचा एखादा तपासलेला अहवाल, नाव झाकून, बघायला मागा. त्यावरचे शेरे वाचले की त्या विभागात लेखन खरंच शिकवलं जातं की फक्त जमा करून घेतलं जातं ते पाच मिनिटांत समजतं.